सुपडूचा याईर

सुंदरबाई: माफी कशाची मागायची, तेवढं आधी सांगा पाळकसाहेब. चहाचं मग बघू.

हितेंद्र: अक्का, तुम्ही आधी बसा. हा निर्णय माझ्या एकट्याचा नाही, मंडळीच्या कमिटीचा आहे. कापणीच्या सणाच्या दिवशी, भर उपासनेत सुपडूभाऊ जागेवरून उठले, पुढे मांडलेल्या देखाव्यातली मुलीची आकृती उचलली, रुमालात गुंडाळली आणि निघून गेले. सगळी मंडळी बघत राहिली. बाहेरगावचे पाहुणेही होते. त्यांनी मंडळीपुढे दिलगिरी व्यक्त करावी आणि तोपर्यंत प्रभुभोजनाला, भाकर घ्यायला, येऊ नये, एवढंच ठरलंय.

सुंदरबाई: एवढंच. देवाच्या टेबलावरून माणूस उठवला, आणि एवढंच.

हितेंद्र: कायमचं नाही.

सुंदरबाई: तो देखावा कोणाच्या हातचा होता?

हितेंद्र: सुपडूभाऊंचा.

सुंदरबाई: आणि मुलगी?

हितेंद्र: मुलगी आम्ही ठेवली.

सुंदरबाई: आम्ही म्हणजे कोण?

हितेंद्र: कमिटीतल्या जीवरामभाऊंनी. पण माझ्या सांगण्यावरून. जबाबदारी माझी आहे, ती मी नाकारत नाही.

सुंदरबाई: मग आता मी बोलते आणि तुम्ही ऐका. तुम्हाला धुळ्यात येऊन अजून वर्ष व्हायचंय. आमची सुवार्ता तुम्ही पाहिलेली नाही. सुपडूभाऊंची मुलगी डेंग्यूनं गेली, एवढंच तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं. आमच्या ह्यांना तुम्ही ओळखता ते रविवारी मागच्या बाकावर बसणारा, गाणं न म्हणणारा माणूस म्हणून. बरोबर ना?

हितेंद्र: बरोबर आहे.

सुंदरबाई: हे गाणारे होते साहेब. नाताळला रात्रभर ढोलकी यांच्याच गळ्यात असायची. शिंदखेड्याकडून इकडे आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं, पण गाणं होतं. साक्री रोडला मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं, तर जळालेल्या मोटरीत तार भरतानाही गुणगुणायचे. सुवार्ता कॉलेजातून थेट दुकानात जायची. बापाच्या पुढ्यात बसून अभ्यास करायची. दोघांचं इतकं जमायचं की मला कधी कधी राग यायचा, खरं सांगते. त्या पावसाळ्यात तिला ताप आला. दोन दिवस साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या, मग अंगावर लाल ठिपके दिसले, तशी दवाखान्यात नेली. रात्री एकच डॉक्टर होते. ते तिच्याकडे यायला निघाले, जिन्यापर्यंत आले, तेवढ्यात खालून बोलावणं आलं. बाळंत झालेली बाई होती, तिचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर तिकडे वळले. हे जिन्यात उभे होते. यांनी डॉक्टरांचा हात धरला होता साहेब. डॉक्टर म्हणाले, आलोच.

हितेंद्र: हे मला माहीत नव्हतं.

सुंदरबाई: डॉक्टरांना मी दोष देत नाही. एका माणसानं किती ठिकाणी असावं. ती बाई वाचली. आमच्या पोरीला मी मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टर आले तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी हे खाली कागदपत्रं करायला उभे होते, तर त्या बाईचा नवरा सगळ्यांना पेढे वाटत आला. त्याला काय ठाऊक. त्यानं यांच्याही हातावर पेढा ठेवला, आणि यांनी तो खाल्ला. तो खाल्ला हे यांनी मला कधी सांगितलं ठाऊक आहे? मागच्या उन्हाळ्यात. टीचरच्या खोलीतून घरी येताना. तोवर या माणसाच्या तोंडून सुवार्ताचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

हितेंद्र: एस्तेर टीचर.

सुंदरबाई: हो, एस्तेर टीचर. जिच्या खोलीला तुम्ही कुलूप घातलंत. आधी काय झालं ते तर ऐका. पोरगी गेल्यावर मंडळीतल्या बाया घरी यायच्या. प्रार्थना करायच्या, मी डोळे मिटून बसायचे. मग त्यातली एक मला समजावायला लागली. म्हणे, याईरनं विश्वास धरला म्हणून त्याला त्याची मुलगी जिवंत परत मिळाली. तुमच्या घरात विश्वासाला कुठेतरी चीर गेली असेल, ती शोधा. पोरीची माती अजून ओली होती, आणि बाई मला चीर शोधायला सांगत होती. हे दाराशी उभे होते. यांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून यांचं गाणंही गेलं आणि प्रार्थनाही गेली. देवळात यायचे ते माझ्यासाठी. दुकानात मोटर उघडी करून पुढ्यात घ्यायची आणि तशीच बसायचं. शेतकरी येऊन हाका मारायचे तेव्हा कुठे भानावर यायचे.

हितेंद्र: त्या बाईंनी तसं बोलायला नको होतं. ते चुकीचं शिक्षण आहे.

सुंदरबाई: तुम्ही त्याच शिक्षणाला गुलाबी फ्रॉक घातला. सांगते. टीचर तेव्हा जळगावहून दर शनिवारी यायला लागल्या होत्या. मेहरूणला राहतात, शाळेत चित्रकला शिकवायच्या, रिटायर झाल्या. देवळामागे मोडकी बाकं ठेवायची खोली होती, ती त्यांनी मागून घेतली. झाडली, सारवली. रंग, कागद आणि पोळ्याचे बैल करतात ती काळी माती ठेवली. लोक हसले. म्हातारपणी बालवाडी, म्हणाले. मी यांना ओढत नेलं, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी सोबत बसायचे. टीचरनं यांना एक शब्द विचारला नाही. मातीचा गोळा हातात दिला. हे शनिवार न् शनिवार नुसती माती मळायचे आणि उठताना परत गोळा करून ठेवायचे. मला वाटायचं, ही बाई काही बोलत का नाही. उपदेश नाही, वचन नाही, बरं वाटेल असंही म्हणणं नाही. दिवा लावायच्या, थोडा वेळ शांत बसायचं, मग माती.

हितेंद्र: याबद्दलच माझी शंका होती. शांत बसणं हे ठीक आहे, पण मार्गदर्शन म्हणजे काहीतरी दिशा द्यायला हवी ना? आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणवायचं आणि माणसाला मातीशी सोडून द्यायचं.

सुंदरबाई: सोडून दिलं नव्हतं. ती बाई समोर बसलेली असायची. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तशी, डोळे उघडे ठेवून. मग एकदा टीचरनं यांना विचारलं, पवित्र शास्त्रातलं कुठलं पान तुम्हाला उघडवत नाही? कुठलं आवडतं असं नाही विचारलं. कुठलं उघडवत नाही. यांनी हातातली माती खाली ठेवली. मग म्हणाले, याईरचं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. टीचर म्हणाल्या, वाचू का? हे हो म्हणाले. टीचरनं दोनदा वाचलं, सावकाश, गोष्ट सांगतात तसं. याईर येशूला मरणाऱ्या मुलीकडे घेऊन निघालाय, आणि वाटेत बारा वर्षं रक्त जाणारी एक बाई मागून येऊन येशूच्या झग्याला शिवते, तिथवरच. मग म्हणाल्या, डोळे मिटा. वाट आहे, गर्दी आहे. तुम्ही कुठे उभे आहात? पायाखाली काय लागतंय? कोणाचा आवाज येतोय? घाई नाही.

हितेंद्र: हो, ही पद्धत आहे. जुनी आहे. आम्हाला थोडीफार शिकवली होती.

सुंदरबाई: शिकवली होती तर मग तुम्हाला कळायला हवं होतं. हे बोलले. घरातली आमची बोली असते ना, तिच्यात बोलले, बाहेर कधी बोलत नाहीत ते. म्हणाले, "मन्ही पोर मरी राहिनी व्हती, नि तो वाटमा थांबना." माझी पोरगी मरत होती आणि तो वाटेत थांबला. त्या बाईसाठी थांबला. कोणी शिवलं म्हणून विचारत बसला. एवढी गर्दी, कोणीतरी शिवणारच. इकडे पोरीचा जीव चाललाय आणि याला चौकशी सुचतेय. टीचर म्हणाल्या, हे मला सांगू नका सुपडूभाऊ. त्याला सांगा, तो समोरच आहे. मग यांनी सांगितलं. काय काय सांगितलं ते मी तुमच्यापुढे बोलणार नाही. या माणसानं कधी कुत्र्यालाही शिवी दिलेली नाही, पण त्या दिवशी येशूला दिली.

हितेंद्र: अक्का, प्रभूला शिव्या? आणि टीचरनी थांबवलं नाही?

सुंदरबाई: नाही थांबवलं. मीच घाबरले होते. टीचरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात मांडीवर, जागच्या हलल्या नाहीत. स्तोत्रांत काय सगळी फुलंच आहेत का साहेब? तुम्हीच वाचता ना दर रविवारी, का झोपलास, का तोंड लपवलंस. तो दावीद राजा म्हणून चालतं, आणि वाइंडिंगवाला बोलला की पाप?

हितेंद्र: तसं मी म्हणालो नाही.

सुंदरबाई: त्या दिवशी घरी येताना पांझरेच्या पुलावर हे थांबले आणि मला पेढ्याचं सांगितलं. मग पोरीबद्दल बोलले. आम्ही दोघं पुलावर उभं राहून बोललो, माणसं वळून बघत होती. त्या रात्री हे झोपले. पुढच्या शनिवारपासून माती हातात आकार घ्यायला लागली. आधी ती बाई केली. जमिनीवर बसलेली, हात लांबवलेला, बोटं झग्याच्या काठाला. मग येशू केला, तिच्याकडे वाकलेला, आपल्याकडे पाठ. ती पाठ किती वेळा मोडून केली असेल. जेवताना सांगायचे, आज खांदा बरा आला. मग बाप केला. बापानं येशूची बाही दोन्ही हातांनी धरलीय, टाचा मातीत रोवल्यात, अंग मागे टाकलंय आणि ओढतोय. अडलेला बैल ओढतात तसा. बस. घर नाही, मुलगी नाही. टीचरनी वा म्हटलं नाही, हे असं का तेही विचारलं नाही. फक्त विचारलं, अजून बसायचंय का याच्यापाशी? हे म्हणाले, हो. म्हणून ते फळीवर ठेवलं होतं. दर शनिवारी हे जायचे आणि त्याच्यासमोर बसायचे. तुम्ही मला एकदा विचारलं होतं ना, सुपडूभाऊ घरी प्रार्थना करतात का म्हणून? ती प्रार्थना होती. फळीवर वाळत ठेवलेली होती. तुम्ही ती उचलून आणली.

हितेंद्र: मी खोलीत गेलो होतो. ते बघून मी हललो, अक्का. इतकं ताकदीचं काम आपल्या मंडळीतल्या माणसानं केलंय, ते सगळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटलं. कापणीच्या सणाला सगळे आपापल्या शेतातलं, घरातलं पीक आणून ठेवतात. हेही त्यांचं पीकच आहे, असा माझा विचार होता.

सुंदरबाई: पीक ज्याचं त्यानं आणायचं असतं. तुम्ही दुसऱ्याच्या शेतातून तोडून आणलंत. तेही कच्चं.

हितेंद्र: विचारायला हवं होतं. ते मान्य.

सुंदरबाई: आणि आणलंत ते आणलंत, तसं तरी ठेवायचं. आम्ही त्या सकाळी काय हौसेनं आलो होतो. मी भरताची वांगी आणली होती, यांच्या हातात बाजरीची कणसं. पुढे जाऊन ठेवावं म्हणून गेलो तर टेबलावर हे. आधी मला ओळखूच आलं नाही. येशू वळवलेला. ती रक्ताची बाई कुठे कोपऱ्यात भोपळ्याच्या मागे सरकवलेली. बापाचे हात बाहीवरून मोडून काढलेले आणि एम-सील लावून वर जोडलेले, हालेलूया करतात तसे. आणि मध्ये मुलगी. गुलाबी फ्रॉकमधली, हसरी. गव्हाणीतला देवदूत होता तो साहेब. दर नाताळला मी माझ्या हातानं पुसून ठेवते, मला ओळखू येणार नाही का? त्याचे पंख तोडले, त्याला फ्रॉक रंगवला आणि आमची मुलगी केली.

हितेंद्र: जीवरामभाऊंनी घाईत केलं. त्यांना पोरांनी विचारलं होतं, येशू पाठ करून का उभा आहे. लोकही कुजबुजत होते, की हे काय चित्र, बाप प्रभूशी झोंबतोय, प्रभू बघतही नाही. नव्या विश्वासणाऱ्यांवर काय परिणाम होईल? आणि अक्का, एक गोष्ट तुम्हीही मान्य करा. शुभवर्तमानातली ती गोष्ट तिथे संपत नाही. प्रभू त्या घरी जातो, मुलीचा हात धरतो, ती उठते. ते वगळलं तर अर्धंच सत्य राहतं. मी ते पूर्ण केलं.

सुंदरबाई: तुम्ही गोष्ट पूर्ण केली. यांची झाली नव्हती.

हितेंद्र: त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं. खरंच.

सुंदरबाई: बरं तुम्हाला वाटून घ्यायचं होतं. ती पाठ तुम्हाला बघवत नव्हती. आम्ही ती पाठ सुवार्ता गेली तेव्हापासून बघतोय, तुम्हाला एक सकाळ झेपली नाही. आणि त्यावर उपदेश. तुम्ही वर उभं राहून काय म्हणालात? सुवार्ता मेलेली नाही, सुवार्ता झोपलेली आहे, सुवार्ता उठणार आहे. सगळी मंडळी हालेलूया म्हणाली. तुम्हाला शब्दाचा खेळ सुचला. माझ्या पोरीचं नाव होतं ते.

हितेंद्र: देवाशपथ, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी शुभवर्तमान या अर्थानं…

सुंदरबाई: ठाऊक आहे मला. तुमच्या लक्षात आलं नाही, तेच तर मी बोलून राहिले मघापासून. हे उठले तेव्हा मला वाटलं, आता बठ्ठं, सगळं टेबल उधळतील. मी डोळे मिटले. पण यांनी कणसं नीट जागेवर ठेवली. ती मुलगी उचलली, रुमालात घेतली आणि चालू लागले. घरी येईपर्यंत यांचा अंगठा तिच्या पाठीवर फिरत होता. पंख तोडले तिथे दोन खुंट राहिलेत, घासायलाही कोणाला सुचलं नाही. आणि संध्याकाळी जीवरामभाऊंचा निरोप. माफी मागा. चर्चची वस्तू नेली.

हितेंद्र: कमिटीत मीही गोंधळलो होतो. म्हणून मी टीचरना बोलावलं. त्यांना म्हटलं, सुपडूभाऊंच्या मनात काय चाललंय ते मला सांगा, म्हणजे मला त्यांची बाजू मांडता येईल. त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, त्या खोलीत दोघांचं, माणसाचं आणि प्रभूचं, बोलणं चालतं आणि मी तिसरी असते, तिसऱ्यानं बाहेर सांगायचं नसतं. मला ते अपमानास्पद वाटलं. मंडळीचा पाळक मी आहे. माझ्याच आवारात काय शिकवलं जातंय ते मला कळू नये?

सुंदरबाई: म्हणून कुलूप.

हितेंद्र: म्हणून कुलूप.

सुंदरबाई: मग परवा हे बसनं जळगावला गेले. मेहरूणला टीचरच्या घरी, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. टीचरनी यांना आत घेतलं नाही, ओट्यावरच चटई टाकली, म्हणाल्या इथेही तो येतो. हे मला यांनी सांगितलं, टीचरनी नाही. टीचरवर रागावू नका. तुम्हाला ऐकायचं होतं तर यांच्याकडे यायचं. आमचं घर देवपुरात आहे, चालत यायच्या वाटेवर. तुम्ही आलात का? सगळं यांच्याबद्दल, आणि यांना सोडून सगळ्यांना विचारलंत. मला तर तेही नाही. मी तिची आई आहे साहेब. मांडीवर माझ्या होती ती.

हितेंद्र: तुम्हाला काय हवंय अक्का? मी आता कमिटी बदलू शकत नाही. जीवरामभाऊ ऐकणार नाहीत. ते या मंडळीत माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. मी बोललो तर माझी बदली होईल, आणि काय.

सुंदरबाई: मला दोन गोष्टी हव्यात. त्या खोलीची किल्ली हवी. आणि येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. यांना त्या दिवशी भाकर नाही. तर त्या दिवशी ती तुम्ही कशी मोडता, कोणाच्या हातावर ठेवता, ते मला पहिल्या बाकावर बसून बघायचंय. मी येणार आहे.

हितेंद्र: ही घ्या किल्ली. रविवारचं मला… मला विचार करू द्या.

सुंदरबाई: करा. चहा नको.

(रविवार, दुपार. देवपुरातलं घर. सुंदरबाई, सुपडू आणि नुकताच आलेला हितेंद्र.)

सुंदरबाई: या साहेब. हे आत आहेत. यांना मी सगळं सांगितलंय, तुम्ही आज प्रभुभोजनाचं टेबल मांडलं नाही ते. म्हणालात, मंडळीतल्या एका माणसाशी माझा समेट व्हायचाय, तो होईपर्यंत मी भाकर मोडणार नाही. जीवरामभाऊ उठून गेले तेही सांगितलं.

हितेंद्र: अर्धी कमिटी गेली. वरच्या ऑफिसला फोनही गेलाय. असू द्या. सुपडूभाऊ, मी बसू का?

सुपडू: बसा ना. खुर्ची घ्या.

हितेंद्र: मी तुमचं काम न विचारता उचललं. ते मोडलं. तुमच्या मुलीच्या नावाशी मी उपदेशात खेळलो. कमिटीनं तुम्हाला माफी मागायला सांगितलं, ती मी मागायला आलोय.

सुपडू: नावाचं जास्त लागलं, साहेब.

हितेंद्र: हो.

सुपडू: बाकी मातीचं काय. माती परत मळता येते. ती बाहुली तुमची न्या. फ्रॉकचा रंग खरवडून ठेवलाय, पंखांचं मात्र माझ्यानं काही झालं नाही.

हितेंद्र: नेतो.

सुपडू: एक विचारू? हात का मोडले?

हितेंद्र: बाप ओढत होता म्हणून. लोकांना वाटलं असतं, त्याचा विश्वास नाही.

सुपडू: विश्वास नसता तर ओढलं असतं का? ज्याचा भरवसा नाही त्याची बाही कोण धरतो, साहेब? मी घरी निघून गेलो असतो. दुकान उघडलं असतं. मी रागावलोय त्याच्यावर, अजून आहे. तुमच्यावरही होतो, तुमच्यावरचा आज थोडा उतरला. पण सोडलं नव्हतं मी. तेवढंच तर केलं होतं.

हितेंद्र: मला ते दिसलं नाही.

सुंदरबाई: चहा ठेवते. आज घ्याल ना?

हितेंद्र: घेईन, अक्का. भाऊ, तुमची हरकत नसेल तर एक विचारतो. नाही म्हणालात तरी चालेल. टीचरनी नंतर पुढचं वाचलं का? घरी जाण्याचं, मुलीच्या उठण्याचं?

सुपडू: त्या म्हणाल्या, पुढे जायचं का. मी म्हटलं, अजून नाही. खोली उघडली ना काल, तिथे परत बसलो. नवी माती घेतली. तिथेच आहे मी, वाटेवर. तो अजून त्या बाईशी बोलून राहिलाय.

हितेंद्र: आणि तुम्ही काय करता?

सुपडू: आधी नुसता ओढत होतो, तिच्याकडे बघितलंच नव्हतं. आता बाही धरून ऐकतो, ती काय सांगतेय ते. तिचंही बारा वर्षांचं दुखणं आहे साहेब, इतक्या लवकर कसं सांगून होईल.